छपराचे गणित

आपल्या शाळेने मला जे जे दिले, त्यात पाण्याचा हिशेब मी सर्वांत वर ठेवतो. लातूर जिल्ह्यात वाढलेल्या आमच्या पिढीला टंचाई नवी नव्हती. होळी झाली की हापशाला पाणी चढेनासे होई. तरीही शाळेतली झाडे उन्हाळा काढत, कारण एकदा वापरलेले पाणी येथे गटारात जात नसे. वर्गाच्या दाराशी ठेवलेल्या बादलीत पेल्यांत उरलेले आणि रांजण विसळलेले पाणी जमा होई. त्यातच फळ्याचे फडके भिजवायचे आणि उरलेल्याचा सडा परिपाठाआधी अंगणात घालायचा, अशी रीत होती. डबे धुण्याचा ओटा मुद्दाम उंचावर बांधलेला होता. तिथले पाणी आधी खरकटे अडवणाऱ्या जाळीवरून, मग विटांचे तुकडे, खडी आणि जाड वाळू भरलेल्या खड्ड्यातून उताराने केळी आणि अळूच्या वाफ्यात झिरपे. जाळी रोज साफ केली नाही, तर खड्डा तुंबून वास सुटतो, म्हणून त्या कामाच्या पाळ्या लावलेल्या असत आणि त्यातून कोणालाही सूट नसे.

विज्ञानाच्या सरांनी एकदा आम्हाला दोन वर्गखोल्यांचे छप्पर टेपने मोजायला लावले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढेच सूत्र त्यांनी दिले. छप्पर सुमारे १०० चौरस मीटर भरले. हंगामात ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ५०,००० लिटर, आणि वाफ होऊन, उडून वा सोडून दिल्यामुळे जाणारा पाचवा हिस्सा वजा केला तरी ४०,००० लिटर. दोनशे मुलांना रोज दोन लिटरप्रमाणे ते शंभर दिवस पुरते. पहिल्या सरींबरोबर पत्र्यावरची धूळ, पाला आणि पाखरांची घाण वाहून येते, म्हणून ते पाणी हौदात न घेता बाहेर सोडायचे, हेही तेव्हाच शिकलो.

मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींपैकी प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर पाणी होते, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ अस्वस्थ होतो. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आलेल्या एका वाघिणीत जेवढे पाणी, तेवढेच बेताच्या पावसातही आमच्या दोन वर्गांच्या पत्र्यावर पडत होते. अशा छपरांनी शहराची तहान भागणार नाही, हे मान्य आहे. पण शाळेची नक्कीच भागते.

नव्या इमारतीच्या गच्चीचे पाइप सध्या थेट गटारात उतरतात. जुना हौद मात्र भक्कम आहे. गेल्या दिवाळीत येऊन पाहिले, कोठेही गळती नाही. पाइप हौदाला जोडण्याचा आणि पहिला पाऊस बाहेर सोडण्यासाठी वेगळी तोटी बसवण्याचा खर्च आमच्या तुकडीने उचलायचे ठरवले आहे. मृग लागण्याआधी काम पूर्ण व्हावे, यासाठी शाळा समितीने लवकर परवानगी द्यावी, ही विनंती.