मूळचे कुठले?

एप्रिलातली दुपार. नांदेडच्या उन्हाबद्दल मी काही सांगत नाही, ज्यांनी खाल्लंय त्यांना माहीत आहे. गुरुद्वाऱ्याच्या अलीकडं एका रसवंतीवर टेकलो होतो. चरकाचे घुंगरू वाजत होते, एक पोरगं पोत्यात बर्फ घालून सोट्यानं बडवत होतं. शेजारच्या बाकड्यांवर पंजाबातून आलेलं सात-आठ माणसांचं बिऱ्हाड. त्यातल्या म्हाताऱ्या सरदारजींनी गल्ल्यावर बसलेल्या आपल्या इथल्या सरदारजींना पंजाबीत काहीतरी लांबलचक विचारलं. यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "काय म्हणायलेत हो हे? लईच घाईत बोलायलेत."

मला काय कळणार, कपाळ! शेवटी हिंदीवर तडजोड झाली. मंडळींना नगीना घाटावर जायचं होतं. यानं हात लांब करून वाट सांगितली, "सीधे जाव, आगे से उजवे हाथ कू मुडो." उजवे हाथ कू! पाव्हणे काय समजले देव जाणे, पण माना डोलावल्या. उठता उठता म्हातारबाबांनी याच्या पगडीकडं, दाढीकडं निरखून बघत विचारलंच, "पिच्छों कित्थों दे ओ?"

एवढं मात्र त्याला बरोबर कळलं. "यहीं के," म्हणाला आणि ग्लास विसळायला लागला.

या प्रश्नावर माझा जुना दात आहे. पुण्यात भाड्यानं खोली बघत फिरायचो तेव्हा घरमालक हमखास विचारायचे, "मूळचे कुठले?" नांदेड म्हटलं की भागायचं नाही. "हो, नांदेड, पण मूळचे?" पुढं आडनावाची उलटतपासणी. मला कळत नाही, मूळ म्हणजे किती हात खणायचं? मुळा बरा, एकदा उपटला की विषय संपला.

आमचं मूळ म्हणाल तर कंधारकडचं एक खेडं. १९७२ च्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला तसे आजोबा दोन ट्रंका आणि एक म्हैस विकल्याचे पैसे घेऊन नांदेडात आले, उस्मानशाही मिलमध्ये चिकटले आणि बडपुऱ्याच्या बाजूला एका वाड्यात दोन खोल्या घेऊन राहिले. वाड्यात पुढच्या अंगाला एक सरदार कुटुंब. आजी म्हणे पहिले पंधरा दिवस आजोबांना म्हणायची, "कुठं बाहेरच्या लोकात आणून टाकलंत."

बाहेरच्या! दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला आले. गोदाकाठी इथंच त्यांनी देह ठेवला आणि त्याआधी ग्रंथसाहिबाला गुरुपद देऊन गेले. आज दिसतो तो गुरुद्वारा महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतला. हे सगळं शाळेत कमी आणि पाव्हण्यांना गुरुद्वारा दाखवून दाखवून जास्त पाठ झालेलं. नांदेडचा कोणताही माणूस झोपेतून उठवला तरी हे म्हणून दाखवील. त्याच सुमाराला निजामाचा दिवाण चंदूलाल यानं लाहोरहून शीख फौज मागवून घेतली, तिला लाहोरी फौज म्हणायचे, आणि आम्ही त्या फौजेतलेच, असं इथली कितीतरी घरं सांगतात. म्हणजे शेजाऱ्यांचे पणजोबा-खापरपणजोबा येऊन पडले ते आमच्या दोन ट्रंकांच्या १४० वर्षं आधी. पण ट्रंका ठेवतो न ठेवतो तोच आजीनं बाहेरचं कोण ते ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

पंधरा दिवसांनी काय झालं ते आजी सांगायची नाही. काही झालं नसावंच. शेजारी पीठ मागायला आले असतील.

मला कळायला लागलं तेव्हा पुढच्या घरातल्या काकू म्हणजे कौरकाकू. पितळी परातीत त्या ज्वारीची भाकरी थापायच्या तो आवाज मला अजून येतो. इतर बायकांच्या भाकरीला बांगड्यांचा किणकिणाट असायचा. काकूंच्या हातात कडं. त्यामुळं थाप, थाप, थाप आणि मध्येच परातीच्या काठाला कडं लागून टण्! भाकरी फिरवताना टण्. उचलताना टण्. भाकरी तव्यावर पडली की पाण्याचा हात फिरवायचा, तेव्हा मात्र शांत. आमच्या खोलीतून मी ऐकत बसायचो आणि किती भाकरी झाल्या ते मोजायचो. चौथ्या भाकरीला बरोबर जाऊन उंबऱ्यावर उभा. "ये की रे, लाजायलास काय?" मग भाकरीचा पापुद्रा काढून त्यात शेंगदाण्याची चटणी आणि तेल. आई ओरडायची, घरात काय उपाशी मारतो का तुला. तर काकूच उलट ओरडायच्या, "असू दे वं, लेकरू हाय."

काकू संक्रांतीला वाण लुटायच्या, आषाढीला आमच्याकडून साबुदाणा जायचा, आणि पाठ म्हणायला बसल्या की मात्र त्या एकदम कुणीतरी दुसऱ्याच व्हायच्या. डोक्यावर ओढणी, आवाज खाली, शब्द आमच्या ओळखीचे नाहीत. त्या वेळेला भाकरी मागायची नाही, एवढं कळत होतं.

त्यांचा धाकटा माझ्या वर्गात. आम्ही दोघं नगीना घाटावर नगीने शोधायला जायचो. कथा अशी की गुरूंना कुणी एक मौल्यवान रत्न भेट दिलं आणि त्यांनी ते सरळ गोदावरीत फेकलं. देणारा हिरमुसला तेव्हा म्हणाले, जा, तुझं उचलून आण. तो पाण्यात उतरला तर सगळा तळच रत्नांचा. आता एवढी रत्नं असतील तर दोन आपल्या वाटणीला यायला काय हरकत आहे? उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आम्ही ढोपरभर चिखलात. सापडायचे ते बाटल्यांच्या काचांचे तुकडे, घासून घासून कडा बोथट झालेले, हिरवे नाहीतर तपकिरी. हिरवे आम्ही नगीने धरायचो. तपकिरी पुन्हा नदीत. हा नियम कुणी केला, आठवत नाही.

हाच धाकटा मोठेपणी सचखंड एक्सप्रेसनं पहिल्यांदा अमृतसरला गेला. दीड-दोन दिवसांचा प्रवास, वाटेत स्टेशनांवर लंगरवाले डब्यांत जेवण वाढतात, म्हणून जाताना त्यानं नुसते डबे नेले होते. परत आला तो चिडून. तिथं सगळे त्याला हजूरसाहिबवाले (म्हणजे आमच्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्याकडचे), दख्खनी म्हणायचे. त्याची पंजाबी ऐकून एक बाई तोंडाला पदर लावून हसली. "अन् इथं तुम्ही लोक मला पंजाबी म्हणायलाव," म्हणाला. मी त्याला हिरव्या काचेची आठवण करून दिली. का करून दिली कुणास ठाऊक. त्यालाही काही संदर्भ लागला नाही.

२००८ साली गुरु-ता-गद्दीची, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याची, तीनशे वर्षं झाली. त्याच्या आधी गुरुद्वाऱ्याभोवतालचा परिसर मोकळा केला, रस्ते रुंद झाले, त्यात तो वाडा गेला. काकूंचं घर दुसऱ्या वसाहतीत गेलं, आम्ही त्याआधीच नांदेडातल्याच शिवाजीनगरला आलो होतो. शहर देखणं झालं हे खरंच, तक्रार नाही.

तर त्या दिवशी रस पिऊन झाल्यावर वाडा होता ती जागा शोधायला गेलो. चौकातून पावलं मोजली. पिंपळ होता तिथं पिंपळ नाही, नळ होता तिथं फरशी. काकूंचा उंबरा या दिव्याच्या खांबाखाली की त्या पलीकडच्या, काही केल्या ठरेना. पाय भाजत होते. मी बराच वेळ तसाच उभा असणार, कारण निळ्या पगडीतला एक तरुण सेवादार जवळ आला, बाटलीतलं पाणी पुढं केलं आणि फार अदबीनं विचारलं, "कहाँ से आए हो, भाईसाब?"

"शिवाजीनगर," मी म्हणालो.

त्यानं मला लंगरची वाट दाखवली.