भूगोलाचे सर आणि डांबराचे दोन गोळे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा असा समितीचा मेसेज आला, आणि खरं सांगतो, शाळा म्हटलं की मला भूगोलाचे सरच आठवतात, बाकी सगळं मागं राहतं. नाव लिहायची गरज नाही, तुमसरात त्यांना कोण ओळखत नाही!

वली पर्वत शिकवत होते. दोन्हीकडून दाब आला की खडकाला घड्या पडतात, एवढं वाचून झालं तर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हटलं, "सर, दगड दाबला तर फुटते, वाकते कुठं?" सर चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कामावरून डांबराचे दोन गोळे घेऊन आले. थंडीचे दिवस, डांबर टणक. एकावर हातोडी मारली तर ठिकऱ्या थेट पहिल्या बाकापर्यंत. दुसरा कपाटावर पुठ्ठ्यावर ठेवला, कोणी हात लावायचा नाही. पुढच्या आठवड्यात पाहतो तर तो चपटा होऊन पुठ्ठ्याच्या कडेवरून खाली ओघळत होता, त्याच खोलीत, सावलीतच. "माल तोच ना रे? मग किती जोर लावला ते नंतर विचारा, आधी किती वेळात ते विचारा."

आज मी मँगनीजच्या खाणीत मॅपिंग करतो, म्हणजे खडकांचे थर कुठून कसे जातात त्याचा नकाशा काढतो, आपल्याच पट्ट्यात, चिखला-डोंगरी बुजुर्गकडचे हे खडक, आणि रोज तेच विचारतो. डोंगर तयार होताना खडक सेकंदाला आपल्या लांबीच्या साधारण १ भागिले १ वर १४ शून्यं इतक्याच हिश्शानं आकार बदलतो, म्हणजे १०० किलोमीटरचा पट्टा ३० किलोमीटरनं आखडायला १० लाख वर्षं. वर्षाला ३ सेंटीमीटर फक्त! लॅबमध्ये एवढाच बदल एका शिफ्टमध्ये उरकावा लागतो, म्हणून नमुना भरपूर तापवतात, नाहीतर तो सरळ तडकतो. एकच कडक थर ताणला गेला आणि वेग जास्त असला तर तुटतो, तुकडे लांब सरकतात, मधल्या फटीत पांढरं क्वार्ट्झ भरतं. खडक गरम आणि वेग कमी असला तर न तुटता जागोजागी बारीक होत जातो. दाबातही तसंच, आजूबाजूच्या मऊ खडकाला सरकायला सवड मिळाली तर कडक थर छान वळतो, नाही मिळाली तर तोही अडून बसतो आणि घडीच्या जागी भेग जाते. मँगनीजचा थर तर घडीच्या वळणावर जाड आणि बाजूंना पातळ, त्यामुळे हे नीट नाही समजलं तर ड्रिलिंगचा खर्च पाण्यात.

मागं शाळेत गेलो होतो. सरांच्या कपाटाच्या जागी स्मार्ट बोर्ड आलाय, चांगलंच आहे, पण त्यावर हिमालय १० सेकंदात उभा राहतो आणि पोरं टाळ्या वाजवतात. समितीला एवढीच विनंती, व्हिडिओ दाखवा, पण खाली कोपऱ्यात वर्षांचा आकडा पळता ठेवा, आणि थंडीत एक डांबराचा गोळा वर्गात ठेवा, तो मी पाठवतो.