मार्कचा आठवा अध्याय

शनिवार, रात्री

आज मंडळीच्या शिष्यत्व वर्गात बायबलातल्या मार्ककृत शुभवर्तमानाचा आठवा अध्याय घेतला. ३८ वचनांतल्या पाचच वचनांवर आम्ही बराच वेळ बसलो, आणि मला ते फार बरं वाटलं.

पद्धत नेहमीचीच. एकाने अख्खा अध्याय मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी आपापलं बायबल मिटून ऐकायचं. मग वहीत लिहायचं: इथे काय सांगितलंय, त्याचा अर्थ काय, आणि या आठवड्यात मी काय करणार. शेवटच्या प्रश्नाला ‘जास्त प्रार्थना करीन’ हे उत्तर पाळकसाहेब चालवून घेत नाहीत. कोणासाठी, कधी, ते लिहावं लागतं.

नुसतं ऐकत गेलं की कळतं, या अध्यायात प्रभू येशू सारखा विचारतोय. तुमच्याजवळ भाकरी किती? ही पिढी चिन्ह का मागते? मचव्यात तर प्रश्नांमागून प्रश्न. पाच हजारांना पाच भाकरी मोडल्या तेव्हा किती टोपल्या उरल्या? बारा. चार हजारांना सात मोडल्या तेव्हा? सात. शिष्यांना आकडे तोंडपाठ आहेत, आणि तरी मचव्यात एकच भाकर आहे म्हणून त्यांची कुजबुज चाललीय. ‘अजून तुम्हांला समजत नाही काय?’ या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाही. मंडळी थेट बेथसैदाला पोहोचतात.

तिथे तो आंधळा माणूस. ही गोष्ट चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कात आहे. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतं का? तो वर बघतो आणि म्हणतो, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी.

या उत्तरापुढे मला जाववेना. त्याला लोकांनी विनवणी करून आणलेलं, आणि साक्षात प्रभू समोर उभा. उपकाराच्या ओझ्याखाली ‘दिसतंय, दिसतंय’ म्हणून तो मोकळा झाला असता तर कोणी दोष दिला नसता. पण जेवढं दिसलं तेवढंच त्याने सांगितलं. येशूला त्याचा राग आला नाही, तुझा विश्वास कमी पडला असंही तो म्हणाला नाही. त्याने पुन्हा हात ठेवले, आणि मग त्या माणसाला सगळं स्वच्छ दिसू लागलं.

आमच्या साक्षीच्या सभांमध्ये पूर्ण झालेल्या गोष्टीच सांगितल्या जातात. आजार गेला, नोकरी लागली, नवऱ्याची दारू सुटली. त्याबद्दल देवाची स्तुती असो, मनापासून. पण ज्या घरात दारू सुटली आणि पुन्हा लागली, त्या घरच्या बाईने त्या सभेत उभं राहून काय बोलायचं? ‘झाडांसारखं दिसतंय’ ही साक्षच आहे, आणि ती प्रभूच्या तोंडावर दिलेली आहे. मंडळीत तिला जागा असायला हवी, असं मी वर्गात ठामपणे म्हटलं.

पुढे लगेच फिलिप्पाच्या कैसरियाची वाट. हर्मोन डोंगराच्या पायथ्याचं हे गाव. यार्देन नदीचा एक उगम तिथलाच, गुहेपाशी पान नावाच्या ग्रीक देवाचं ठाणं. हेरोद राजाने त्या भागात रोमी सम्राट औगुस्त कैसरासाठी देऊळ बांधलं आणि हेरोदाच्या मुलाने, फिलिप्पाने, शहरालाच कैसराचं नाव दिलं. अशा ठिकाणी पेत्र हा शिष्य येशूला म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. उत्तर अगदी बरोबर. पण दुःख सोसावं लागेल, जिवे मारतील, असं येशूने सांगताच तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. ख्रिस्त त्याला दिसला, वधस्तंभ दिसला नाही. तोही अजून झाडंच पाहतोय. मार्काने आंधळ्याची गोष्ट याच्या आधी मुद्दाम ठेवली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. इथून यरीहोच्या बार्तीमयापर्यंत, म्हणजे दुसऱ्या आंधळ्यापर्यंत, येशू तीनदा आपल्या मरणाविषयी सांगतो. नवव्या अध्यायात त्यावर शिष्यांचा वाद रंगतो तो आपल्यात मोठा कोण याचा, दहाव्यात जब्दीचे मुलगे, तेही शिष्यच, येशूच्या उजवीडावीकडच्या जागा मागतात. एकालाही तो घरी पाठवत नाही. मला याचा फार आधार वाटतो.

वर्गातल्या एका ताईंनी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण काढली. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यापासून दूर, नातेवाइकांत होत्या. आधी त्या नवऱ्याकडे परतल्या, मग सोवळंओवळं, जातीचा विचार एकेक करून सुटत गेला, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा काही वर्षांनी. ताई म्हणाल्या, “त्यांना कोणी घाई केली असती तर?” त्यावर बराच वेळ बोलणं झालं.

माझ्या वहीत शेवटच्या प्रश्नाखाली लिहिलंय: सोमवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या त्या वहिनींकडे जायचं, ज्या सभेला यायच्या बंद झाल्यात. उपदेश करायचा नाही. कसं चाललंय ते विचारायचं आणि त्या सांगतील ते पूर्ण ऐकून घ्यायचं.

पुढच्या शनिवारी नववा अध्याय. त्यात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका. ते वचन पाठ करायला आजच घेतलंय.