आदीं पळय, मागीर दी

रविवारी आमचा सीझन संपला. चार दिवस लिहू की नको चाललं होतं, पण आत्ता नाही लिहिलं तर परीक्षा येतील आणि राहूनच जाईल.

मी वेंगुर्ल्यात कॉलेजला आहे, थर्ड इयर, टीमचा गोलकीपर. इकडे सिंधुदुर्गात पोरं खेळतात ती क्रिकेट नाहीतर कबड्डी, फुटबॉल म्हणजे जुलैच्या पावसात चिखलात लोळायला मिळतं म्हणून. पहिली दोन वर्षं आमची एकच पद्धत होती, बॉल माझ्याकडे आला की मागून सगळे "उडव मरे, उडव!" करून बोंबलायचे आणि मी डोळे मिटून लांब मारायचो, पुढे काय होईल ते होईल. बहुतेक वेळा बॉल समोरच्याच टीमला जायचा आणि दहा सेकंदात परत माझ्याच अंगावर यायचा.

या जूनमध्ये नवीन सर आले. पेडण्याचे, गोव्यात क्लबकडून खेळलेले, रोज बाईकने आरोंदा-किरणपाणी पुलावरून यायचे, पावसात पण. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं मैदानाला फेऱ्या मारायला लावतील, तर त्यांनी बॉल माझ्या पायात ठेवला आणि कोकणीत म्हणाले, "आदीं पळय, मागीर दी." आधी बघ, मग दे. मालवणी बोलणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, पण करायला मला चार महिने लागले.

ते म्हणायचे अटॅक तुझ्यापासून सुरू होतो, तू शेवटचा नाहीस, पहिला आहेस. १९९२ ला नियम बदलला, आपल्याच माणसाने मुद्दाम पायाने दिलेला बॉल कीपरने हातात घ्यायचा नाही, तेव्हापासून कीपरला पाय पण चालवावे लागतात आणि आम्ही अजून त्याच्या आधीचंच खेळत होतो. आणि आता २०२५ पासून हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर, म्हणून सर बाजूला उभे राहून मोठ्याने आकडे मोजायचे. ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या गोष्टी सांगायचे, गोव्याचा कीपर भारताचा कॅप्टन झाला म्हणून, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

पण पावसात आमच्या मैदानावर छोटा पास म्हणजे कठीणच. लाल माती, जागोजागी डबकी, दहा फुटांवर दिलेला बॉल मधेच बसतो. प्रॅक्टिसला माझ्या चुकीने इतके गोल झाले की आमचा स्टॉपर, म्हणजे माझ्या पुढे मधे उभा राहणारा बॅक, एकदा वैतागून म्हणाला, "सर, ह्या गोव्यात चालता, हय नाय चालूचा." सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं सपाट जागा कुठे आहे, तर आमचा नऊ नंबर, म्हणजे स्ट्रायकर, म्हणाला सागरेश्वरची पुळण, ओहोटीला.

नऊ नंबरच्या बाबांची होडी आहे. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे तेवढे दोन महिने तो आमचा, एकदा बंदी उठली की बाबांबरोबर समुद्रात. दर वर्षी ऑगस्ट लागला की तो टीममधून जायचा आणि आधीचे सर त्याचं नाव कापायचे. या सरांनी त्यालाच विचारून प्रॅक्टिसची वेळ ठरवायला सुरुवात केली. त्याने सरांना हिशोब शिकवला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी पाचच्या पुढेमागे पाणी लांब जातं आणि ओली वाळू अशी कडक होते की बॉल मस्त सरळ पळतो. मग गणपती झाल्यावर, समुद्र जरा शांत झाला की दर पंधरवड्यातले ते चार दिवस पुळणीवर, बाकीचे मैदानावर. सर एका रविवारी त्याच्या घरी जाऊन बाबांशी बोलून पण आले. काय बोलले ते आम्हाला कधीच कळलं नाही पण मॅचच्या दिवशी तो असायचा, कधीकधी रात्रभर न झोपता आलेला.

सीझनचं सांगायचं तर पहिली फ्रेंडली म्हापशाला, ५-० हरलो. मग युनिव्हर्सिटीच्या मॅच, पहिली २-१ जिंकलो, दुसरी पेनल्टीवर, मी दोन अडवल्या. आमच्या कॉलेजने सलग दोन मॅच जिंकल्याचं मी तरी बघितलं नव्हतं.

रविवारी तिसरी. ०-० होती, शेवटची वीसेक मिनिटं. बॅकने मला दिला, मी बघितलं, राइट बॅक मोकळा दिसला, दिला, आणि त्यांचा विंगर मधे घुसला. गोल. मी बघितलं होतं हो, पण विंगर राइट बॅकच्या पाठी होता, तो मला दिसलाच नाही. बाहेरून लोक ओरडायला लागले, उडव, उडव, आणि आपले पण ओरडत होते. मी सरांकडे बघितलं. ते ओरडले नाहीत, फक्त हाताने जमीन दाखवली. खाली. छोटा.

पुढचा बॉल आला तेव्हा माझे पाय खरंच थरथरत होते. मी बघितलं, परत त्याच बाजूला, त्याच राइट बॅकला दिला. त्याने पुढे, तिथून डावीकडे, सात-आठ पास झाले असतील आणि नऊ नंबरचा शॉट बारला लागला. गोल नाही झाला. १-० हरलो. पण ते सात-आठ पास मला रात्री झोपताना पण दिसतात, प्रत्येकजण आधी बघत होता.

येताना गाडीत कोणी बोलत नव्हतं. आरोंद्याच्या फाट्याला सर उतरले, त्यांची बाईक तिथेच लावलेली होती. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, दुसरा पास चांगला होता.

सीझन संपलाय तरी आत्ता ग्रुपवर नऊ नंबरचा मेसेज आलाय, उद्या चतुर्दशी, साडेचारला पाणी लांब असेल, कोण कोण येणार. सरांनी खाली लिहिलंय, मी येतोय.