फेब्रुवारीतले लॅपलँड, दोन मुले आणि बाहेरचा दीड तास

येत्या फेब्रुवारीत आम्ही दोघे, सात वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा असे चौघे फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलँडमधील रोवानिएमी या गावी जाणार आहोत. व्हिसा हातात आला आहे, तिकिटे झाली आहेत आणि गेले चार महिने घरात ज्या वह्या-याद्या चालू होत्या त्या आता जवळजवळ मिटल्या आहेत. लहान मुले घेऊन कडाक्याच्या थंडीत परदेशी जाण्याचा विचार करणारे आणखी काही आईवडील ओळखीत आहेत, म्हणून आम्ही काय ठरवले आणि का ठरवले, ते सविस्तर लिहीत आहे.

याची सुरुवात खरे तर दोन वर्षांपूर्वी मनालीला झाली. जानेवारीत सोलंगला आम्ही भाड्याने मिळणारे जाड कोट आणि गमबूट मुलांना चढवले होते, पण आतमध्ये थोरलीच्या पायात नेहमीचे सुती मोजे होते. बर्फात खेळताना बुटात बर्फ गेला, मोजे ओले झाले आणि तासाभराने ती अगदी गप्प झाली. ती दमली असेल असे समजून आम्ही आणखी एक ठिकाण पाहून घेण्याच्या घाईत होतो. चहाच्या टपरीवरील एका बाईंनी तिच्याकडे पाहताच तिला शेगडीजवळ बसवले आणि बूट काढले, तेव्हा तिची बोटे पांढुरकी पडलेली दिसली. सुदैवाने पुढे काही झाले नाही. मात्र मुलाला थंडी वाजते तेव्हा ते दर वेळी सांगतेच असे नाही, ही गोष्ट त्या दिवशी माझ्या मनात कायमची बसली. मुलांच्या शरीराच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र मोठ्यांपेक्षा जास्त असते, त्यामुळे ती लवकर गार पडतात. आणि खेळात रंगलेल्या मुलाचे बोटांकडे लक्षही नसते.

म्हणून या वेळी कोणकोणती ठिकाणे पाहायची यापासून आम्ही आखणी सुरू केली नाही. धाकटा सलग किती वेळ बाहेर राहू शकेल आणि त्यानंतर ऊबदार खोली किती अंतरावर असेल, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी शोधली आणि बाकी सारे त्याभोवती बसवले. हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात माझी मावसबहीण राहते. तिचा सल्ला असा होता: “ताई, उणे दहाला दीड तास धर, उणे वीसला अर्धा-पाऊण तास धर, आणि त्याखाली गेलं तर दारातल्या दारात खेळू दे.” हा काही वैद्यकीय नियम नव्हे, पण दोन मुले तिथे वाढवलेल्या आईचा अंदाज म्हणून आम्ही तो प्रमाण मानला आहे.

महिना ठरवणे सर्वांत कठीण गेले. आपल्या शाळांच्या लांब सुट्ट्या दिवाळीत आणि उन्हाळ्यात येतात, आणि लॅपलँडमध्ये भरवशाचा बर्फ साधारण डिसेंबर ते एप्रिल असतो. नाताळची सुट्टी सोयीची वाटते खरी, पण त्या दिवसांत तिथले दर सर्वांत चढे असतात आणि दिवस सर्वांत लहान असतो. २१ डिसेंबरच्या सुमारास रोवानिएमीत सूर्य जेमतेम सव्वादोन तास क्षितिजावर असतो. फेब्रुवारीच्या मध्यावर तोच दिवस सुमारे आठ तासांचा होतो. थंडी मात्र तशीच राहते: सरासरी उणे १० अंशांच्या आसपास आणि अधूनमधून उणे २५ किंवा त्याहूनही खाली. मुलांना अंधारात बाहेर काढण्यापेक्षा उजेडात काढणे मला फार महत्त्वाचे वाटले, म्हणून थोरलीच्या वर्गशिक्षिकांना भेटून आठ दिवसांची रजा मागितली आणि बुडणारा अभ्यास आधीच करून घेण्याचे कबूल केले. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत फिनलंडमध्ये वेगवेगळ्या भागांतील शाळांना आळीपाळीने हिवाळी सुट्टी असते आणि तिथलीच कुटुंबे उत्तरेकडे जातात, हे बहिणीने सांगितल्यावर आम्ही तारखा आठवडाभर अलीकडे ओढल्या.

व्हिसाबाबत थोडक्यात लिहिते. फिनलंडसह युरोपातील बऱ्याच देशांना एकत्रित चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. आम्ही अडीच महिने आधी केला. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांचे ४५ युरो आहे, तर सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. बारा वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा सक्तीचा आहे, पण केवळ व्हिसापुरता स्वस्तातला विमा न घेता मुलांच्या आजारपणाचा आणि सहल ऐनवेळी रद्द करावी लागण्याचा खर्च त्यात येतो का, हे नीट वाचून घ्यावे. चार वर्षांच्या मुलाला निघण्याच्या आदल्या दिवशी ताप येणे ही अपवादाची गोष्ट नाही.

कपड्यांवर मात्र मी सर्वांत जास्त वेळ दिला आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. थंडीत शत्रू असतो तो ओलावा. सुती कापड घाम आणि पाणी धरून ठेवते आणि अंगाची ऊब ओढून घेते, म्हणून अंगालगतचा थर लोकरीचा हवा. मेरिनो लोकर टोचत नाही आणि किंचित ओली झाली तरी ऊब देते. त्यावर फ्लीस किंवा जाड लोकर, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारा थर. हे तिन्ही थर सैलसर असावेत, कारण त्यांमध्ये अडकलेली हवाच खरी ऊब राखते. दोन मोजे कोंबून घट्ट झालेला बूट एका मोज्याच्या सैल बुटापेक्षा गार पडतो. बोटे सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र राहतील असे हातमोजे अधिक ऊबदार असतात, आणि मुलांसाठी त्यांचे तीन-तीन जोड हवेत, कारण एक ओला होतो आणि एक हरवतो. सासूबाईंनी दोघांसाठी लोकरीच्या कानटोप्या विणल्या आहेत.

बाहेरच्या थराबाबत आमच्या घरी बरीच चर्चा झाली. पायापासून गळ्यापर्यंत एकसंध असलेल्या पोशाखात बर्फ शिरत नाही, पण चार वर्षांच्या मुलाला ऐनवेळी शू लागली की तो पोशाख उतरवता उतरवता उशीर होतो. शेवटी धाकट्यासाठी खांद्यावर पट्टे असलेली उंच विजार आणि वेगळे जाकीट, असा पर्याय निवडला. फिनलंडमध्ये जुन्या वस्तूंची ‘किर्पुतोरी’ नावाची दुकाने गावोगाव असतात आणि मुलांचे कपडे वर्षभरात आखूड होत असल्याने तिथे उत्तम अवस्थेतले हिवाळी कपडे मिळतात. बहिणीने दोघांची मापे मागवून बाहेरचे कपडे आणि बूट तिथूनच घेऊन ठेवले आहेत. आतले लोकरी थर आम्ही पुण्यातूनच नेत आहोत, आणि गेल्या रविवारी खोलीतला एसी १८ अंशांवर ठेवून सगळे थर चढवण्याची तालीम केली. चौघांना तयार व्हायला पस्तीस मिनिटे लागली. हा वेळ रोजच्या वेळापत्रकात धरला नाही तर सकाळची प्रत्येक ठरलेली वेळ चुकणार, हे त्यामुळे आधीच कळले.

एका सहल कंपनीने आम्हाला जो कार्यक्रम दिला होता त्यात एकाच दिवशी कुत्र्यांची गाडी, रेनडिअरची गाडी आणि स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारे इंजिनाचे वाहन, असे तिन्ही होते. तो आम्ही नाकारला. स्नोमोबाइलवर लहान मुलांना सहसा मागे जोडलेल्या घसरगाडीत बसवतात. हवा उणे १५ अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा लागला तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे २६ सारखी जाणवते, आणि मागे बसलेल्या मुलाचा आवाज यंत्राच्या आवाजात पुढे पोहोचत नाही. रेनडिअरची गाडी संथ चालते, म्हणून तीच ठेवली आहे. दिवसाला बाहेरची एकच मोठी गोष्ट, तीही सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान, आणि दुपार आत. आर्क्टिकुम हे संग्रहालय त्यासाठी उत्तम आहे. नदीकाठच्या त्याच्या लांबलचक काचेच्या दालनात मुलांना मनसोक्त चालता येते. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे गाव जाळले आणि युद्धानंतर वास्तुरचनाकार आल्वार आल्तो यांनी रेनडिअरच्या डोक्याच्या आकारात त्याची नवी आखणी केली, हे थोरलीला सांगितल्यापासून ती नकाशावर शिंगे शोधत असते. ध्रुवीय प्रकाशाबद्दल मात्र मुलांना काहीही कबूल केलेले नाही. आकाश निरभ्र असले आणि मुले जागी असली तर अंगणातून पाहू.

हेलसिंकीहून रोवानिएमीला विमानाने दीड तासात पोहोचता येते, तरी आम्ही रात्रीच्या रेल्वेचे सुमारे बारा तास निवडले. हिवाळ्यात फिनलंड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा मुलांच्या शरीरात साडेअकरा झालेले असतात आणि ती गाडीत सहज झोपतील. पहाटे चारला उठून बसली तरी हरकत नाही, कारण खिडकीबाहेर बर्फाचे जंगल असेल. मोटारीने जाताना तिथे १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बालआसन लागते, आणि त्यात बसवताना जाड जाकीट काढावे, नाहीतर पट्टा अंगाला घट्ट बसत नाही. मोटार तापेपर्यंत जाकीट वरून पांघरायचे.

खाण्यासाठी स्वयंपाकघर असलेले लाकडी घर घेतले आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सोबत नेता येत नाहीत, त्यामुळे घरचे तूप, पेढे, बर्फी काहीही न्यायचे नाही. सासूबाईंना हे पटवायला दोन दिवस लागले. मेतकूट, भाजलेले पोहे, मुगाची खिचडी कोरडी मिसळून, आणि गूळ एवढे नेत आहोत. लोणी तिथे चांगले मिळते. तांदळाची दुधात शिजवलेली पेज दालचिनी आणि साखर घालून फिनिश मुलेही खातात, तेव्हा धाकट्याची सोय होईल. चेहऱ्याला लावायला खोबरेल न्यायचा विचार होता, पण ते २४ अंशांखाली थिजते, म्हणून पाण्याचा अंश नसलेले दाट मलम घेतले आहे. कातडी मेणासारखी पांढुरकी दिसली तर ती चोळायची नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही, आत आणून कोमट पाण्यात धरायची. हे आम्ही दोघांनी पाठ केले आहे. तातडीचा क्रमांक ११२ थोरलीलाही पाठ आहे.

गावाच्या उत्तरेला आठेक किलोमीटरवर, आर्क्टिक वृत्तावर, सांताक्लॉजचे टपाल कार्यालय आहे. तिथे दोन पेट्या असतात. एकीतले पत्र लगेच निघते आणि दुसरीतले पुढच्या नाताळला. थोरलीने आजीसाठी मराठीत कार्ड लिहून तयार ठेवले आहे आणि ते नाताळच्या पेटीत टाकावे असा तिचा आग्रह होता. काल सासूबाईंनी तिला जवळ बसवून सांगितले की आपल्याला ते डिसेंबरपर्यंत थांबून नको, लगेच हवे. आता कार्डाच्या मागे तिने पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत ‘लगेचची पेटी’ असे लिहून ठेवले आहे.