मेण विक्रीस नाही

आमच्या सासरी, संगमेश्वरजवळ, आंघोळीचं पाणी अजून तांब्याच्या बंबात तापतं. रेशनवरचं रॉकेल बंद झाल्यापासून पावसाळ्यात तो बंब पेटवणं हा रोज सकाळचा छळ आहे. लाकडं दमट, नारळाची सोडणं दमट, काडेपेटीसुद्धा सादळलेली. सासूबाई दुधाच्या पिशव्या जाळायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, आई, पुरे, मी तुम्हाला मेणाच्या वड्या करून देते. दिवाळीला मेणाच्या पणत्या करायच्या हे डोक्यात होतंच. मेण मात्र मधमाशीचंच हवं होतं. पॅराफिनचा वास मला सहन होत नाही.

पुण्यात तुळशीबागेत 'कुंकवाचं मेण' मागितलं. आमच्या आज्या कुंकवाखाली लावायच्या ते माश्यांचं असायचं. मला मिळालेल्या डबीतलं पांढरंफेक आणि बोटाला तेलकट होतं. काष्टौषधीच्या दुकानात खरं मेण मिळालं, कारण पायांच्या भेगांवरचं सिक्थ तेल करायला ते लागतंच. पण तिथे तोळ्या-मासाच्या हिशेबाने देतात. मला किलोंनी हवं होतं.

म्हणून घाटमाथ्यावरच्या एका मध संकलन केंद्रात गेले. कुठल्या ते लिहीत नाही, तिथल्या शिपायाची अडचण व्हायला नको.

खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "मेण विक्रीस नाही." त्याच्या मागच्या जाळीच्या दारातून पिवळ्या ढेपांची थप्पी मला स्वच्छ दिसत होती. मी बोट दाखवलं. "ते पत्र्यांसाठी आहे मॅडम." ही गोष्ट खरी होती. षटकोनी ठसे उमटवलेले मेणाचे पत्रे करतात, ते पेटीतल्या चौकटींत बसवतात आणि माश्या त्यावर पोळं बांधतात. पेटीवाल्यांना मेण जमा करून पत्रे मिळतात. पण सगळं मेण पत्र्यांनाच लागतं का, असं विचारल्यावर उत्तर आलं, "अर्ज द्या."

अर्जाचा छापील नमुना होता. नाव, गाव, सातबारा, पेट्यांची संख्या, माशीची जात: सातेरी की मेलिफेरा. मी पेट्यांपुढे शून्य लिहिलं. शून्य पेट्या असलेल्या माणसाचा अर्ज घेता येत नाही म्हणाले. मग कोऱ्या कागदावर लिहून दिला, त्यावर 'प्रयोजन' लिहायला लावलं. 'बंब पेटवणे' असं मी लिहिलं. साहेबांनी ते वाचून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. प्रयोजन बदला म्हणाले. 'गृहोद्योग' लिहिलं तर गृहोद्योगाचं नोंदणीपत्र मागितलं. पुढच्या खेपेला साहेब बैठकीला गेले होते. त्याच्या पुढच्या खेपेला साहेब होते, सही झाली, पैसे भरले, पावतीही मिळाली. गोदामाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते भांडारपाल रजेवर. ढेपा जाळीतून दिसतायत, हातात पावती आहे आणि मध्ये एक कुलूप. घरी येऊन मी नवऱ्यावर विनाकारण ओरडले. रजा संपल्यावर भांडारपालांनी सांगितलं की पावती चुकीच्या शीर्षाखाली फाडली आहे. पैसे परत मिळाले. मेण नाही.

शिपाई चहा घेऊन येत होता. तोच हळूच म्हणाला, "ताई, खिडकीवर काय उभ्या राहता? मध घालायला माणसं येतात ती मागच्या फाटकाने. तिथे थांबा."

तिथे थांबल्यावर काम झालं. दोन कॅन मध घेऊन आलेल्या एका काकांनी विचारलं, "मेण कशाला, कुंकवाला?" बंबाला म्हटल्यावर ते हसलेच. पण मेण मिळत का नाही ते त्यांनी नीट सांगितलं. पेटीतला मध यंत्रात चौकट फिरवून काढतात, पोळं शाबूत राहतं आणि परत पेटीत जातं. मेण मिळतं ते मधाच्या घरांवर माश्यांनी घातलेल्या पातळ झाकणांचं, म्हणजे अगदी थोडं. आग्या माशीचं पोळं कापून पिळतात, त्यातून मेण भरपूर निघतं, पण ते रानातून मध काढणाऱ्यांकडे. "आणि बंब पेटवायला झाकणाचं मेण घालवायचं नसतं," काका म्हणाले. "काळं पोळं न्या. तसंही आम्ही फेकतोच."

हे मला कुठल्याही कागदावर सापडलं नसतं. पोळ्यात पिढ्यान्‌पिढ्या अळ्या वाढल्या की त्यांच्या कोषांनी ते काळं पडतं. असं पोळं ठेवलं तर मेणाचा पतंग लागतो, म्हणून पेटीवाले ते कापून टाकतात. मी पोतंभर आणलं, वर पणत्यांसाठी झाकणाच्या मेणाचे दोन गोळे विकत घेतले. तेव्हा माझा सल्ला एवढाच: पेट्या ठेवणाऱ्या माणसाला गाठा. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, भुदरगडमधलं पाटगावही तसंच. जवळचं गाव धरा आणि हंगाम संपता संपता जा.

काळं पोळं रात्रभर पाण्यात भिजत घालायचं. कोष पाणी पितात, मग मेण पीत नाहीत. सकाळी फडक्यात बांधून, वर दगड ठेवून, पाण्यात मंद आचेवर ठेवायचं. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे पाणी खळखळा उकळायची गरज नाही. मेण वर येतं आणि गार झालं की चकती निघते. बोअरचं जड पाणी वापरलं तर चकती स्पंजासारखी होते. पागोळ्यांचं पाणी धरून ठेवा. लोखंडी कढई नको, मेण काळवंडतं. दारं-खिडक्या बंद ठेवा, नाहीतर वासावर परिसरातल्या सगळ्या माश्या येतात.

फडक्यात जो काळा चोथा उरतो तो टाकू नका. त्यात मेण मुरलेलं असतं आणि तो धडाधडा पेटतो. आमच्या बंबाच्या वड्या त्याच्याच आहेत: अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये सुताराकडचे रंध्याचे काप, चोथा, वरून थोडं वितळलेलं मेण. बारीक भुसा नको, तो दाबून बसतो आणि हवा खेळत नाही. प्लायवूडचे कापही नकोत, त्यात डिंक असतो. एक घर फाडून पेटवलं की आठ-दहा मिनिटं जळतं, तोवर ओलं लाकूडही धरतं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, आता फोन करून "संपत आल्या गं" म्हणतात.

पणत्यांचं थोडक्यात. समईची वात चालत नाही, मेण वर चढायच्या आत वातच जळून जाते. पीळ घातलेली जाड सुती वात आधी वितळलेल्या मेणात बुडवून, ताठ करून वापरा. वात बारीक पडली तर ज्योत मधोमध खड्डा करते आणि कडेचं मेण तसंच राहतं. मेण थेट जाळावर वितळवू नका, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवा. मेणाने पेट घेतलाच तर पाणी अजिबात ओतू नका, झाकण टाका.

काही दिवसांनी गोळ्यांवर पांढरट थर येतो. बुरशी नाही ती, जरा ऊब दिली की जाते. उलट असा थर आला तर मेण बहुतेक खरं आहे असं समजा. आणि मेणाचं भांडं मोरीत धुवू नका. गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसा आणि तो कागद बंबाच्या ढिगात टाका.