ताराच्या पिल्लांना कागद का नाहीत

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कुत्र्याचं पिल्लू बघायला आलेलं प्रत्येक माणूस चहा संपता संपता हाच विषय काढतं: "ताई, कागदांचा एवढा आग्रह धरता, मग ताराच्या पहिल्या पिल्लांना कागद कसे नाहीत? मिक्स होती का?"

नव्हती. कागद म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशावळीचा दाखला. तारा तिथे नोंदलेली जर्मन शेफर्ड, नरही नोंदलेला. केनेल नेम, म्हणजे आपल्याकडच्या सगळ्या पिल्लांच्या नावाला जोडून लागणारं नाव, मी आधीच घेऊन ठेवलं होतं, आजोळच्या गावाचं. पिल्लू कुणाकडेही जावो, घरी त्याला शेरू म्हणा की बंटी, कागदावर ते नाव जन्मभर राहणार म्हणून.

लोकमान्य नगरच्या घरात मागच्या खोलीत तारा व्याली. पाच पिल्लं. ओळखू यावीत म्हणून गळ्यात लोकरीचे धागे बांधले होते: लाल, हिरवा, पिवळा, निळा, पांढरा. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत त्या त्या रंगाखाली लिहायचे. डोळे उघडायला लागले तेव्हा नराचे मालक आले. लिटरच्या, म्हणजे एका वेताच्या पिल्लांच्या नोंदणीच्या फॉर्मवर त्यांची सही लागतेच. पेन काढून म्हणाले, "आठ लिहा. वरचे तीन कागद मला द्या." त्यांच्याकडे बिननोंदीच्या मादीची पिल्लं होती. "सगळेच करतात, ताई. मोजायला कोण येतंय?"

मी वही पुढे केली. पाच रंग, पाच रकाने. सहावा धागा कुणाच्या गळ्यात बांधू? त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि सही न करता उठले. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. ते आठवडे मध्यस्थ पाठवण्यात गेले. निरोप एकच यायचा: आठ लिहा, सही घ्या. शोसाठी पिल्लू हवं असलेले उज्जैनचे गृहस्थ निळ्या धाग्याला मांडीवरून खाली ठेवून परत गेले. पाचही पिल्लं खरं काय ते सांगून कमी पैशांत दिली.

कातडीखाली बसवतात ती चिप असती तर, असं लोक म्हणतात. चिपवरचा पंधरा आकडी नंबर पिल्लू तेच आहे एवढं सांगतो. आई कोण, हे डीएनए चाचणीशिवाय कळत नाही. म्हणजे कागद शेवटी दोन माणसांच्या शब्दावर उभा असतो, आणि त्यातला एक शब्द माझा होता. या जातीत खुब्याचा आजार वंशातून येतो. जोडी ठरवताना आम्ही आजी-आजोबांचे एक्स-रे बघतो. तिथे ताराच्या जागी भलतीच मादी असेल तर ते बघण्याला काय अर्थ?

पूर्वी मी कागद असलेलं पिल्लू म्हणजे चांगलं पिल्लू असंच धरून चालायचे. तसं नाही. कागद वंश सांगतो, तब्येत नाही. पण म्हणून वंशही खोटा लिहायचा?

आमचे हे मात्र अजून म्हणतात, "तुझा शब्द राहिला, पण पाच पिल्लांची वंशावळ तुटली. त्यांनी काय केलं होतं?" खोटं नाही ते. आता मी मेटिंगच्या आधीच नराच्या मालकाकडून सहीचं लेखी घेते. त्या पाचांना त्याचा काही उपयोग नाही, आणि यावरून आमचं आजही वाजतं.